जुना स्पूल टेपरेकॉर्डर घेताय? आधी रीळ बघा, मग यंत्र

मराठवाड्यात माळवदाचं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं की अडगळीतून दोन वस्तू हमखास निघतात. एक तांब्याचं घंगाळ, आणि दुसरी म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकोनी डब्यांत ठेवलेली तपकिरी फितीची रिळं. घंगाळाला दारातच गिऱ्हाईक मिळतं. रिळांचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही. डब्यावर शाईनं ‘आबांचं कीर्तन’, ‘ताईचं लग्न’, ‘नाथषष्ठी, पैठण’ असं काहीबाही लिहिलेलं असतं, आणि ते वाजवायचं यंत्र कधीच भंगारात गेलेलं असतं.

दुसरीकडे, तबकड्यांचा नाद पुन्हा लागलेली हौशी मंडळी आता स्पूलकडे वळलीत. संथ फिरणाऱ्या दोन मोठ्या रिळांचे व्हिडिओ मोबाईलवर बघायचे, मग हैदराबादचा जुमेरात बाजार, मुंबईचा चोर बाजार, नाहीतर ऑनलाइन जाहिराती पालथ्या घालायच्या. या दोन्ही मंडळींचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘कोणत्या कंपनीचा घेऊ?’

माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, तुम्हाला वाजवायचं काय आहे? दुसरा, तुमच्या घरच्या विजेवर ते यंत्र बरोबर वेगानं फिरेल का? कंपनीचं नाव त्यानंतर.

हे यंत्र करतं काय

प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेला असतो. ही फीत एका ‘हेड’वरून, म्हणजे बारीकशी फट असलेल्या विद्युतचुंबकावरून सरकते. रेकॉर्ड करताना हेड आवाजाच्या चढउतारानुसार थराला चुंबकत्व देतं आणि वाजवताना तेच वाचतं. जर्मनीतल्या एईजी कंपनीनं 1935 साली बर्लिनच्या प्रदर्शनात असं यंत्र मांडलं. 1963 साली फिलिप्सनं आणलेली कॅसेटही याच तत्त्वावर चालते.

मग स्पूलचा आवाज कॅसेटपेक्षा भरदार का? कारण इथं फीत भरपूर खर्च होते. कॅसेटची फीत 3.81 मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकणारी. स्पूलची 6.35 मिलिमीटर, म्हणजे पाव इंच, आणि वेग सेकंदाला 9.5, 19 किंवा 38 सेंटिमीटर. जुनी मंडळी आणि यंत्रावरच्या खुणा इंचात बोलतात: पावणेचार, साडेसात, पंधरा.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. ‘टेपरेकॉर्डर’मध्ये बहुधा स्पीकर असतो, ‘डेक’मध्ये नसतो. डेक घेतला तर सोबत अँप्लिफायर आणि स्पीकर लागतात. नुसता डेक आणून घरी वायर लावायला गेल्यावर हे कळलेले लोक मी पाहिलेत.

फितीवर किती तासं पेरलीत?

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात, म्हणून जरा सावकाश.

शेतात तिफण ज्या अंतरानं पेरते त्याच अंतराचं कोळपं लागतं. अंतर चुकलं की कोळपं तासांमधलं तण सोडतं आणि उभं पीकच कापत जातं. टेपचंही तसंच. पाव इंचाच्या पट्टीवर आवाजाची किती तासं, म्हणजे ‘ट्रॅक’, पाडली आहेत ते रेकॉर्ड करणाऱ्या हेडवर ठरतं, आणि वाजवणारं हेड त्याला जुळावं लागतं.

प्रकार मुख्यतः तीन. पूर्ण रुंदीवर एकच ट्रॅक असेल तर तो फुल ट्रॅक. हा रेडिओ आणि स्टुडिओच्या कामाचा. दोन ट्रॅक असतील तर हाफ ट्रॅक. यात पोटभेद आहे: जुन्या घरगुती मोनो यंत्रांत एक ट्रॅक जाताना आणि दुसरा रीळ उलटून येताना वाजतो, तर स्टुडिओच्या स्टीरिओत दोन्ही ट्रॅक एकाच दिशेनं वाजतात आणि रीळ उलटायचं नसतं. चार ट्रॅक असतील तर क्वार्टर ट्रॅक: पहिला आणि तिसरा जाताना, दुसरा आणि चौथा येताना. सत्तरच्या दशकातले बहुतेक घरगुती स्टीरिओ डेक हे क्वार्टर ट्रॅकचे.

आता जुळवाजुळव. हाफ ट्रॅकवर भरलेलं मोनो कीर्तन क्वार्टर ट्रॅकच्या डेकवर लावलं तर डाव्या बाजूला ते नीट ऐकू येतं आणि उजवीकडून रिळाची दुसरी बाजू उलटी बडबडते. फक्त डावी बाजू घ्यायची, काम झालं. पण याच्या उलट केलं, क्वार्टर ट्रॅकची फीत हाफ ट्रॅकच्या हेडवर चालवली, तर सुलटा आणि उलटा आवाज एकाच वाहिनीत मिसळतो. तो नंतर वेगळा करायची सोय नाही.

म्हणून घरातली नानाविध रिळं ऐकायची असतील तर पावणेचार आणि साडेसात वेगांचा, क्वार्टर ट्रॅकचा साधा डेक सगळ्यात उपयोगी. स्टुडिओच्या दर्जाच्या प्रती ऐकायच्या असतील तर हाफ ट्रॅक आणि पंधराचा वेग लागतो. ‘मोठं ते चांगलं’ म्हणून हाफ ट्रॅकचा भारी डेक आणणाऱ्याला घरची क्वार्टर ट्रॅकची रिळं नीट वाजवता येत नाहीत, असं नेहमी होतं.

वेग आणि रिळाचा आकार

सात इंची रिळावर नेहमीच्या जाडीची 1200 फूट फीत बसते. साडेसातच्या वेगानं ती 32 मिनिटं चालते. थोडी पातळ फीत 1800 फूट बसते, ती त्याच वेगानं 48 मिनिटं आणि पावणेचारनं 96. रात्रभराचं भजन भरायचं असेल तर कोण साडेसात वापरणार? त्यामुळे घरगुती रिळं बहुधा कमी वेगाची निघतात, काही तर कॅसेटच्याच वेगाची. हा सर्वात कमी वेग अनेक चांगल्या डेकमध्ये नसतो. त्यावर उपाय आहे: पावणेचारवर वाजवून कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि तिथं वेग निम्मा करायचा. आवाजाचा बाज थोडा सुधारून घ्यावा लागतो, इतकंच.

साडेदहा इंची मोठी रिळं दिसायला देखणी, पण ती बसवायला वेगळे ‘हब’ लागतात आणि जुन्या यंत्रासोबत तेच गायब असतात. घरच्या डब्यांत सात इंची आणि पाच इंची रिळंच असतील तर मोठ्या यंत्राचे जास्तीचे पैसे फक्त शोभेचे.

60 हर्ट्झची भानगड

आपली वीज 230 व्होल्टची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे 50 हर्ट्झची असते, याच्याशी एरवी आपला संबंध येत नाही. इथं येतो. अनेक जुन्या डेकमधली मोटर विजेच्या या आवर्तनांशी पाऊल जुळवून फिरते. अमेरिकेत वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. जपानात 100 व्होल्ट, आणि तिथं पूर्वेकडे 50, पश्चिमेकडे 60 हर्ट्झ. आखातातून मामा-चाचांनी आणलेली यंत्रं आपल्याकडे बरीच आहेत. तिथंही कुवेत आणि अमिरातीत 50, पण सौदीत 60.

60 हर्ट्झसाठी बसवलेलं यंत्र आपल्या विजेवर सहाला पाच या प्रमाणात हळू फिरतं. म्हणजे काळी चारात गाणारा गवई थेट पांढरी चारात उतरतो. तीन अर्धस्वरांची घसरण. गाणं ओळखू येतं, पण गाणारा आजारी वाटतो.

‘मग ट्रान्सफॉर्मर लावू की!’ हे उत्तर दुकानदारही ठासून देतात. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो. 60 चे 50 झालेले हर्ट्झ त्याला दिसतही नाहीत. काही यंत्रांत मागं 50/60 चा खटका असतो, काहींत मोटरची पुली बदलावी लागते. ती पुली मिळणार नसेल तर तो डेक आपल्यासाठी शोपीस. ज्या यंत्रांत मोटरचा वेग स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं त्यांना ही अडचण नाही. रिवॉक्सचे ए77 आणि बी77, टेक्निक्सचा आरएस-1500 हे त्यातले. व्होल्टेजचा खटका मात्र त्यांचाही तपासायचाच. 120 वर ठेवलेलं यंत्र 230 ला जोडलं की सौदा तिथंच संपतो.

तपासायचं कसं? एक निरुपयोगी फीत घ्या, मेझरिंग टेपनं 571.5 सेंटिमीटर मोजा आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या मार्करनं खूण करा. साडेसातच्या वेगानं वाजवा आणि पहिली खूण हेडवरून गेल्यापासून दुसरी जाईपर्यंत मोबाईलवर वेळ मोजा. 30 सेकंद आले तर वेग बरोबर. 36 आले तर यंत्र 60 हर्ट्झचं.

‘इथंच रेकॉर्ड करून इथंच वाजवून दाखवतो’ यावर मात्र विसंबू नका. हळू फिरणाऱ्या यंत्रावर हळू भरलेला आवाज हळूच वाजतो, आणि कानाला सगळं बरोबर वाटतं.

‘एकदम वर्किंग कंडिशन’ म्हणजे नेमकं काय?

जाहिरातीतल्या या तीन शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की दिवा लागतो आणि काहीतरी फिरतं. अशा ठिकाणी स्वस्तात सुटणारा दोष कोणता आणि खिसा फाडणारा कोणता, हे ओळखता आलं पाहिजे.

आवाजाच्या बटणाची खरखर, न लागणारे मीटरचे दिवे, सैल पडलेला बेल्ट: हे दाखवून किंमत पाडा, पण घाबरू नका. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि नवा बेल्ट यात भागतं. मधले रबर काळ्या डांबरासारखे वितळलेले दिसले तर साफ करताना मेकॅनिक वैतागेल, पण यंत्र वाचेल. खूप वर्षं बंद पडलेल्या यंत्रातलं ग्रीस गोठून मोटर जाम होते. तेही सुटतं.

फीत पुढं ओढण्याचं काम करतो तो कॅपस्टन, म्हणजे फिरणारा पोलादी दांडा, आणि त्यावर दाबणारा रबरी पिंच रोलर. या रोलरला नखानं दाबून बघा. दगडासारखा कडक आणि चकचकीत असेल तर फीत घसरते, आणि आवाज लहरतो. रबर नव्यानं चढवून घेता येतं, पण तो खर्च आधी धरून ठेवा.

खरी परीक्षा हेडची. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. हेडच्या पुढच्या बाजूला फितीनं घासून सपाट पट्टा तयार झालेला दिसेल. तो बारीक असेल तर ठीक. पट्टा रुंद असेल आणि फितीच्या कडेशी अशी खाच पडली असेल की नख अडकतं, तर हेड दमलेलं आहे. जाणकार माणूस ते घासून पुन्हा गोलाई आणू शकतो, पण ते एखाद-दोन वेळाच. नवं हेड मिळणं दुर्मीळ. आकाईच्या जीएक्स मालिकेतली काच-फेराइटची हेडं जवळजवळ झिजत नाहीत, ही त्यांची मोठी जमेची बाजू. मात्र ती ठिसूळ असतात, कडेला टवका उडालाय का ते बघा.

यानंतर यंत्र पळवा. पुढं जोरात, मागं जोरात, आणि मध्येच थांबवा. ब्रेक बरोबर असतील तर फीत ताठ राहते. फितीचा गुंताळा बाहेर आला तर ब्रेक गेलेत, आणि तुमची फीत ताणली किंवा तुटली जाणार. शेवटी मोबाईलवरच्या ॲपमधला तंबोरा मिनिटभर रेकॉर्ड करून ऐका. आधीची खुणांची पद्धत वेग सांगते, ही पद्धत लहर सांगते. अखंड सुराइतकं थरथर पकडणारं दुसरं काही नाही. ढोलकीवर ती लपून जाते.

रिवॉक्स तपासताना दोन बाबी. ए77 च्या मागं रिमोटच्या सॉकेटमध्ये एक छोटा डमी प्लग लागतो. तो हरवला असेल तर यंत्र हलतच नाही, आणि विकणारा ‘बिघडलंय’ म्हणून स्वस्तात देतो. अशी संधी सोडू नये. दुसरी बाब, त्या काळच्या यंत्रांतले कागदी कपॅसिटर तडकतात आणि एके दिवशी खोलीभर उग्र धूर सोडतात. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र ‘बघू तरी’ म्हणून थेट बोर्डात खुपसू नका. आधी मेकॅनिककडून ते कपॅसिटर बदलून घ्या.

मग कोणतं मॉडेल?

पहिल्याच खरेदीला आकाई 4000डीएस सारखा साधा डेक वाईट नाही: एकच मोटर, सात इंची रीळ, तीन हेड. तीन हेडचा फायदा असा की पुसणं, भरणं आणि वाजवणं यांना स्वतंत्र हेड मिळतं, आणि भरत असतानाच फितीवर काय उतरलं ते ऐकता येतं. नुसतं ऐकायचं असेल तर दोन हेडचं यंत्रही पुरतं. रिवॉक्स ए77 हा 1967 चा आणि बी77 हा 1977 चा. दोन्हींचं सुटं सामान आणि माहिती आजही मिळते. पण नाव एक असलं तरी ट्रॅक आणि वेगाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. ‘रिवॉक्स आहे’ एवढं ऐकून पैसे देऊ नका.

माझं मत विचाराल तर परभणी, लातूर, नांदेडात राहणाऱ्यानं मॉडेलच्या आधी मेकॅनिक शोधावा. रेडिओ-टेप दुरुस्त करणारे जुने कारागीर अजून आहेत, आणि त्यांना साधी, यांत्रिक रचना समजते. बटणागणिक आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, असलेला ऐंशीच्या दशकातला डेक त्यांच्यापुढं ठेवला तर तेही हात वर करतात. जवळ दुरुस्त होणारं मध्यम यंत्र हे दूर कुरिअर करावं लागणाऱ्या उत्तम यंत्रापेक्षा जास्त वेळ वाजतं.

‘फीत तरी मिळते का?’

मिळते. फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग द मास्टर्स आणि अमेरिकेत एटीआर या कंपन्या आजही नवी फीत बनवतात. आयात कर धरून एक रीळ हजारांत पडतं, त्यामुळे हौस महागाची. जुन्या फिती स्वस्त आहेत, पण त्यांत दोन दुखणी असतात.

एक चिकटपणाचं. साधारण सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही फितींचा, उदाहरणार्थ अँपेक्स 456 चा, थर धरून ठेवणारा डिंक हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. फीत किंचाळते आणि हेडवर तपकिरी चिखल साचतो. अशी फीत ताबडतोब थांबवायची. जाणकार ती 54 अंशांच्या आसपास, नियंत्रित उष्णतेत काही तास शेकवतात आणि मग थोडे दिवस ती वाजते. ‘मग आपलं मे महिन्याचं ऊन काय वाईट?’ वाईटच. गच्चीवर उष्णता एकसारखी नसते, फीत वाकडी होते. स्वयंपाकघरातला ओव्हनही नको.

दुसरं दुखणं त्याहून जुन्या ॲसिटेट फितीचं. रीळ उजेडासमोर धरा. फितीच्या थरांतून उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेट. ती कोरडी, ठिसूळ होते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ही फीत कधीही शेकवायची नाही.

पत्र्याखालची खोली आणि भिंतीला लागून ठेवलेलं लोखंडी कपाट रिळांना नको. उन्हाळ्यात तापतं, पावसाळ्यात बुरशी धरते. घरातली सगळ्यात थंड, कोरडी खोली द्या आणि रिळं उभी ठेवा. वीज गेल्यावर स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर डेक चालवू नका, मोटर गुरगुरते आणि तापते.

‘एवढं सगळं असेल तर घ्यावं तरी कशाला?’

खरं सांगायचं तर घरात चार-सहा रिळंच असतील आणि त्यांतला आवाज वाचवणं एवढाच हेतू असेल, तर घेऊ नका. चांगल्या यंत्रावर रिळं डिजिटल करून देणाऱ्याकडे ती स्वतः घेऊन जा. यंत्राची किंमत, दुरुस्ती आणि वेळ यांच्यापुढं तो खर्च किरकोळ आहे. रिळांचा ढीग असेल, एखाद्या मठात, संगीत विद्यालयात किंवा कलापथकाकडे पेट्या भरून पडल्या असतील, किंवा हे यंत्र हाताळण्यातच तुम्हाला रस असेल, तर मात्र घ्याच. आवाज डिजिटलपेक्षा ‘शुद्ध’ असतो या समजुतीनं घेऊ नका. फितीची स्वतःची सळसळ असते, मोजमापात ती हरते. ती काहींच्या कानाला गोड लागते, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

घरी आणल्यावर

ए77 सुद्धा 15 किलोच्या आसपास भरतो. हैदराबाद किंवा मुंबईहून आणत असाल तर देवगिरी एक्सप्रेसनं स्वतःसोबत आणा, पार्सलच्या डब्यात टाकू नका. रिळं काढून वेगळी बांधा.

पहिल्या दिवशी हेड आणि कॅपस्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा; रबरी रोलरला मात्र साबणाचं पाणी पुरे. मग बिनकामाची फीत तासभर फिरवा. ती कुरकुरली नाही, दुमडली नाही, की मगच घरची रिळं काढा. प्रत्येक रीळ पहिल्यांदा वाजवतानाच लाइन आउटची वायर लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंग चालू ठेवा. जुनी फीत एकदा वाजून दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही, आणि ‘आधी ऐकू, मग भरू’ म्हणणाऱ्यांची पहिली वेळ वाया जाते. फाइल 24 बिटची डब्ल्यूएव्ही ठेवा आणि दोन वेगळ्या डिस्कवर जपा. नातेवाईकांना व्हॉट्सॲपवर पाठवायला तिची एमपी3 कधीही करता येते.